त्रेसष्टचा फरक : ऑफिसमधल्या पार्टीवर विनोदी मालिकेचा एक भाग कसा लिहायचा, कसा काढायचा

हातात मोबाईल, सोबत चार मित्र, रविवारी बंद असलेलं एखादं ऑफिस आणि ‘आपणपण सिरीज काढूया की’ असा उत्साह. सांगलीत अशी मंडळी माझ्याकडे अधूनमधून स्क्रिप्ट घेऊन येतात. त्यात पार्टीचा एक भाग हमखास असतो आणि हमखास तोच पडतो. केक येतो, गाणं लागतं, सगळे नाचतात, तो तिच्याकडे बघतो, ती केस मागे घेते. झालं.

नटांची आपल्याकडे वानवा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावात उभं केलं. तेव्हापासूनची ही खाज आहे. राज्य नाट्य स्पर्धेत निदान भालदार म्हणून उभा राहिलेला एक तरी माणूस इथल्या प्रत्येक पतसंस्थेत सापडतो. गाडं अडतं ते लिहिण्यात. म्हणून बावीस मिनिटांचा एक भाग मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या शॉटपर्यंत कसा बांधतो ते सांगतो. उदाहरण एकच घेतो आणि तेच शेवटपर्यंत ओढतो.

बावीसच मिनिटं का? अमेरिकेत अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेतून जाहिराती वजा केल्या की साधारण एवढाच वेळ उरतो. इंटरनेटवर जाहिरातींचं बंधन नाही, पण माप चांगलं आहे. एक मुख्य गोष्ट, एक उपकथा आणि पुन्हा पुन्हा येणारा एक विनोद एवढं त्यात बसतं. जास्त कोंबलं तर शिवण उसवते.

ऑफिस कुठलं

मार्केट यार्डातली हळदीची अडत सगळ्यांना सुचते. हमाल, तोलाईदार, दिवाणजी, सौदा, पोत्यांच्या थप्प्या. दिसायला झकास, पण आवाज पकडताना जीव जातो आणि गर्दीला पैसे मोजावे लागतात. मी पतसंस्थेची शाखा घेतो. एक काउंटर, एक काचेची केबिन, सहा माणसं. शिवाय तिथे लोकांचा पैसा असतो, म्हणून साध्या चुकीलाही भीतीची धार येते. मी स्वतः अकरा वर्षं कॅशच्या जाळीमागे काढली आहेत, तेव्हा हे ऐकीव नाही.

आमच्या उदाहरणातली माणसं अशी. शाखाधिकारी पाटीलसाहेब. कॅशिअर सुजाता. क्लार्क अमोल. कर्जविभागातल्या कुलकर्णीबाई, ज्यांना निवृत्तीला वर्ष उरलंय. दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट बंडूअण्णा. शिपाई तुकामामा. प्रत्येकापुढे एकच ओळ लिहायची : आज रात्री याला काय हवंय? साहेबांना भाषण करायचंय. कुलकर्णीबाईंना नऊची गाडी गाठायचीय. बंडूअण्णांना फुकट खायचंय, पण काम नकोय. तुकामामांना भडंग, म्हणजे आपले मसालेदार चुरमुरे, कालवायचंय. अमोलला काहीतरी सांगायचंय. सुजाताला ते ऐकायचं नाहीय, कारण तिला ते आधीच माहीत आहे. एवढ्यात अर्धा भाग लिहून होतो.

पार्टी कुठली : इथेच बहुतेक जण चुकतात

आपल्या ऑफिसांतल्या पार्ट्या टीव्हीवरच्यासारख्या नसतात. पुरुषमंडळी ढाब्यावर जातात, बायका सहाला घरी जातात. मग प्रेमाची गोष्ट चालणार कुठे? दोघं एका छताखाली, उशिरापर्यंत, घरच्यांना सांगता येईल अशा कारणाने थांबली पाहिजेत. ते कारण लेखकाने शोधून द्यायचं असतं.

हळदीकुंकवात पुरुष नसतात. सत्यनारायणाला सगळे असतात, पण प्रसाद घेऊन तासाभरात पांगतात. हुरडा पार्टी छान, पण ती शेतात होते आणि ऑफिस मागे राहतं. सामूहिक वाढदिवस मात्र भन्नाट आहे. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहून टाकलेली माणसं कितीतरी आहेत. एका कचेरीत चार जणांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि १ तारखेचा जन्म म्हटल्यावर सरकारी नियमाने चौघांचा निरोप समारंभही एकाच ३१ मेला! त्यावर वेगळा भाग लिहा, मी लिहिणार आहे.

या भागासाठी मी निवडली ३१ मार्चची रात्र. वर्षअखेर. रोख जुळल्याशिवाय कोणी हलायचं नाही. साहेब दिलदारपणे जाहीर करतात की आज शाखेतर्फे पार्टी, आणि तुकामामांच्या हातावर पाचशेची एक नोट ठेवतात. सहा माणसं, पाचशे रुपये, सांगली गाव. म्हणजे भडंगच.

पार्टी नको त्या वेळी, नको त्या जागी ठेवली की विनोद आपसूक येतो. सगळे खूश असतील तर तो लग्नाचा व्हिडिओ होतो.

आकडा

आता या भागाचं यंत्र. हिशेब लिहिणाऱ्या जुन्या लोकांना ठाऊक असलेली एक खूण आहे : फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची दाट शक्यता. ८१ च्या जागी १८ लिहिलं तर फरक ६३. ४१ च्या जागी १४ तर २७. कुठलेही दोन आकडे घ्या, जातोच भाग.

संध्याकाळी पेटीतली रोख हिशेबाच्या पुस्तकापेक्षा ३६ रुपये जास्त भरते. जास्त! कमी असते तर साहेबांनी खिशातून घातले असते. जास्तीच्या पैशाचं करायचं काय, हे कोणालाच कळत नाही, आणि ऑफिसात यासारखा विनोद नाही. कुलकर्णीबाई न बघता म्हणतात, “नऊनं भाग जातोय. उलटं पडलंय कुठंतरी.” मग दिवसभराच्या पावत्या काढायच्या. काम कोणाकडे? अमोल आणि सुजाताकडे, कारण बाकीचे पार्टीच्या तयारीत.

तासाभराने एक चूक सापडते. १,३१४ ची जमा १,३४१ पडलीय. जल्लोष. साहेब भाषणाचा कागद काढतात. दुरुस्ती होते आणि पुस्तक २७ रुपयांनी खाली येतं, म्हणजे पेटीतला जादा फरक ३६ वरून थेट ६३ होतो. चूक सापडली आणि फरक वाढला! हा पहिला मोठा धक्का, आठव्या मिनिटाच्या आसपास.

दुसरी चूक म्हणजे २,१८१ ची जमा २,११८ पडलेली. ६३. ही सापडली की सगळं जुळतं. ती कोणाच्या हातून झाली हे पुढे येईल.

आता ३६ आणि ६३ देवनागरीत लिहून बघा. छत्तीसच्या आकड्यात तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले, त्रेसष्टमध्ये समोरासमोर. भागाची प्रेमकथा एवढीच आहे. पण हे पडद्यावर कोणीही बोलून दाखवायचं नाही, अगदी कुलकर्णीबाईंनीही नाही. साहेबांनी चिठ्ठीवर ३६ लिहिलेले, मग खोडून खाली ६३ लिहिलेले, चिठ्ठी पिनने बोर्डाला लावलेली. कॅमेरा तिथे दोन सेकंद थांबतो. कॅल्क्युलेटर किंवा संगणकावर आकडे इंग्रजी असतात आणि सगळी मजा मरते. म्हणून चिठ्ठी. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

तणाव कशाने राखायचा

मराठीला एक हत्यार फुकट मिळालंय, ते म्हणजे तुम्ही आणि तू. इंग्रजी मालिकेतल्या दोघांना पहिल्या दिवसापासून एकच ‘यू’. आपल्याकडे ऑफिसातली दोन तरुण माणसं वर्षानुवर्षं ‘अहो मॅडम’, ‘अहो सर’ करत राहतात, आणि एक ‘तू’ बावीस मिनिटांचा भार पेलतो. माझा नियम असा की अख्ख्या भागात तो शब्द एकदाच येईल, तोही घाईत, कामाच्या वाक्यात, आणि ऐकणारा त्यावर काही बोलणार नाही.

दुसरी गोष्ट बोलीची. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी बघतो’ म्हणतात. पुण्यामुंबईचा नट याला चूक समजून दुरुस्त करतो. करू देऊ नका. सुजाताचं अर्धं व्यक्तिमत्त्व त्या ‘बघतो’मध्ये आहे.

नमुना म्हणून मधला एक प्रवेश देतो. अमोलची जतला बदली झालीय, १ एप्रिलपासून. लिफाफा त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. तिने तो सकाळीच पाहिलाय, हे त्याला माहीत नाही.

सुजाता : तुम्ही जावा की घरी. मी बघतो.
अमोल : दोघं मिळून लवकर होईल.
सुजाता : (पावत्या चाळत) जतला ऊन लई असतंय म्हणं.
अमोल : ...कोण म्हणालं?
सुजाता : कोण नाही. असंच. हे सतराशे आहे का अठराशे?
अमोल : सतराशे.
सुजाता : तुमचं अक्षर आधीपासून असंच आहे, का आता झालंय?
तुकामामा : (दारातून) कालवू काय ओ?
दोघं : नको!

बदलीचा शब्द नाही, प्रेमाचा नाही. दोघं पावत्यांबद्दल बोलतायत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कोणी ‘मला तुला काहीतरी सांगायचंय’ म्हणत असेल, तर ते वाक्य कापा आणि त्याच्या हातात काम द्या.

‘कालवू काय’ हा आपला पुन्हा पुन्हा येणारा विनोद. भडंगात कांदा, टोमॅटो, लिंबू एकदा पडलं की ते ताबडतोब खावं लागतं, नाहीतर सादळतं. म्हणजे तुकामामांच्या पातेल्यात एक घड्याळच टिकटिकतंय. रोख जुळेपर्यंत कालवायचं नाही आणि भूक तर सगळ्यांना लागलेली. हा प्रश्न भागात पाच वेळा येतो. सहाव्यांदा मामा विचारत नाहीत.

एक वस्तू

अमेरिकन ‘द ऑफिस’मधला ख्रिसमस पार्टीचा भाग (६ डिसेंबर २००५ ला दाखवलेला) या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. भेटवस्तूंची मर्यादा वीस डॉलर ठरलेली. साहेब मायकल स्वतःच चारशे डॉलरचा आयपॉड आणतो. त्याला मिळालेली हाताने विणलेली भेट आवडत नाही, म्हणून तो ऐनवेळी खेळ बदलतो आणि कोणीही कोणाची भेट हिसकावू शकेल असं करतो. आता सेल्समन जिमने मनातून आवडणाऱ्या रिसेप्शनिस्ट पॅमसाठी म्हणून आणलेली किटली, जिच्यात त्याने चिठ्ठी ठेवलीय, भलत्याच्याच हातात जाते. साहेबाचा रुसवा ही वरची गोष्ट, किटली ही आतली, आणि वरचीच्या धक्क्याने आतली हलते. शेवटी किटली पॅमकडे येते, पण जिम चिठ्ठी गुपचूप खिशात घालतो.

शिकायचं ते हे : भावना वस्तूत ठेवायची आणि साहेबाच्या मूर्खपणाने ती वस्तू धोक्यात आणायची. किटली मात्र उचलू नका. आपल्या काउंटरवर आपली वस्तू आहे, तारखेचा शिक्का. सुजाताच्या शिक्क्याचं चाक घट्ट झालंय, रोज सकाळी अमोल ते फिरवून देतो आणि बोट जांभळं करून घेतो. नवा शिक्का मागवला तर किरकोळ पैशांचा प्रश्न. तिने तो कधीच मागवलेला नाही. (हे कोणी बोलून दाखवलं, तर मी त्या लेखकाशी बोलणं सोडेन.)

बावीस मिनिटांची मांडणी

पहिली दोन मिनिटं शीर्षकाआधीची. सकाळ, शिक्का, जांभळं बोट, साहेबांची घोषणा. प्रेक्षकाला सगळे नियम इथे कळले पाहिजेत : रोख जुळल्याशिवाय सुटका नाही, पाचशेचं बजेट, शिक्का अमोल फिरवतो.

आठव्या मिनिटापर्यंत ३६ चा शोध, गाडी चुकलेल्या कुलकर्णीबाई, बंडूअण्णांचं ‘मी फक्त पाच मिनिटं आलोय’. आठव्याला ६३. तिथून सोळाव्यापर्यंत पार्टी त्यांच्याभोवती चढत जाते. साहेब मोबाईलवर जुनी गाणी लावतात, पंख्याला फुगे बांधायचा घाट घालतात, आणि टेबल रिकामं हवं म्हणून पावत्यांचा गठ्ठाच उचलून भलतीकडे ठेवतात. लावलेला क्रम गेला. पुन्हा पहिल्यापासून. वरच्या गोष्टीने आतल्या गोष्टीला दिलेला धक्का तो हाच, फक्त यामुळे दोघांना आणखी एक तास मिळतो.

बारा वाजता साहेब भाषणात बदली जाहीर करतात. पण बाराचे ठोके पडलेत, तारीख १ एप्रिल झालीय! सगळे खो खो हसतात, “साहेब, एप्रिल फूल!” साहेब ‘अहो खरंच’ म्हणतात, तसं हसणं वाढतं. न हसणारे दोघंच. कॅमेरा आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे. उलट क्रम लावला तर तिला माहीत होतं हे कळतच नाही, म्हणून क्रम सांभाळा.

सोळा ते एकवीस. तिला २,१८१ ची पावती सापडते. नोंद तिच्याच हातची. पावतीवर वेळ सकाळी ११.४०. पहिल्या प्रवेशात ११.४० ला अमोल जाळीपाशी उभा राहून ‘मॅडम, एक बोलायचं होतं’ म्हणालेला असतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक येतं. ती पावती त्याच्यापुढे सरकवते. “ही मीच चुकवलीय.” तो वेळ वाचतो. घाईने म्हणतो, “थांब, तू बस, मी दुरुस्त करतो.” तो ‘तू’. दोघंही पावतीकडेच बघत राहतात. पलीकडे मामा न विचारता भडंग कालवतात.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. साधारण एक पान एक मिनिट हा हिशेब ढोबळ आहे; भराभर संवाद असतील तर पान चाळीस सेकंदांत संपतं, शिक्क्याच्या प्रवेशासारखं तीन ओळींचं पान दीड मिनिट खातं. पहिल्या वाचनाला माझे भाग नेहमी तीस मिनिटांचे भरतात. कापताना विनोद आधी कापतो. गोष्ट कापली तर उरलेले विनोद लटकतात.

एक पथ्य. साहेब आणि हाताखालची बाई अशी जोडी प्रेमकथेसाठी घेऊ नका. तिचा ‘नाही’ हा विनोदाचा विषय करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे, दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात तक्रार समिती बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी दोघं बरोबरीची असतील तरच प्रेक्षक निर्धास्त हसतो.

चित्रीकरण

रविवारी, लेखी परवानगी घेऊन. खरी पासबुकं, खातेदारांची नावं, संगणकाच्या पडद्यावरची खाती यांपैकी काहीही फ्रेममध्ये नको. पावत्या स्वतः छापून घ्या, शंभरेक तरी, कारण गठ्ठा उधळायचा आहे.

ट्यूबलाईटखाली मोबाईलच्या चित्रात पट्टे धावताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, आणि बरेच फोन ३० फ्रेम्सवर असतात. सेटिंगमध्ये २५ फ्रेम्स, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर पांढरा शर्ट फ्रेममध्ये आला की सगळं काळवंडतं.

आवाजासाठी कॉलरचे दोन माइक आधी घ्या, लेन्सचा विचार नंतर. पंखे बंद, इन्व्हर्टरची टीटी बंद, वॉटर कूलर बंद. एप्रिल-मेमध्ये हे करणं म्हणजे तपश्चर्या आहे, म्हणून मी थंडीत काढतो आणि नटांना घाम म्हणून पाणी मारतो. प्रत्येक जागेचा तीस सेकंद रिकामा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरते.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टाका आणि प्रत्येक शॉटआधी काटे हाताने लावा. आमच्या पहिल्या प्रयत्नात साडेअकराला सुरू झालेलं वाक्य पावणेचारला संपलं होतं. आणि भडंग! कुरकुर आवाज माइकमध्ये संवादापेक्षा मोठा येतो. बोलणाऱ्याच्या हातात भडंग असावं, तोंडात नसावं. खाणाऱ्यांचे शॉट वेगळे घ्या. ठरवलं त्याच्या तिप्पट आणा, कारण चौथ्या टेकपर्यंत कॅमेरामनने निम्मं संपवलेलं असतं.

शेवटचं मिनिट

सकाळ. १ एप्रिल, गिऱ्हाइकांना काउंटर बंद. बोर्डावर ६३ ची चिठ्ठी तशीच, फुगे अर्धे बसलेले, अमोलची खुर्ची टेबलात सरकवलेली. सुजाता सवयीने शिक्का उचलते, चाक फिरवायला बघते आणि थांबते. चाक आधीच फिरवलेलं आहे. कोऱ्या कागदावर शिक्का मारते. तारीख १ एप्रिल नाही, काही दिवस पुढची आहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते.

इथे कॅलेंडर ज्या वर्षी चित्रीकरण करताय त्याच वर्षाचं हवं आणि शिक्क्यावर एप्रिलमधल्या पहिल्या रविवारचीच तारीख लावा. त्या वर्षी तो रविवार १ किंवा २ तारखेला येत असेल, तर दुसऱ्या रविवारची घ्या. कॅलेंडरचा शॉट इतका जवळून घ्या की तो आकडा लाल आहे एवढं दिसावं. शिक्क्यावर महिना इंग्रजीत असतो, चालेल. मागून तुकामामांचा आवाज, “चहा टाकू काय ओ?” ती म्हणते, “टाका की.”